मापाचा कागद

पाणी उतार ओळखतं, माणसं ओळखत नाही,
असं मी त्या आठवड्यात वहीत लिहिलं
आणि वाक्य बरं जमलं म्हणून दोनदा वाचलं.
राजारामपुरी, आठवी गल्ली, दुसरा मजला.
आमच्या जिन्याची एक पायरीही भिजली नव्हती.
पिण्याच्या पाण्याचा टँकर मात्र
सगळ्यांत आधी आमच्याच कोपऱ्यावर थांबला,
कारण ड्रायव्हरला इथवरचा रस्ता कोरडा सापडला.
यात कुणाचा दोष, सांगा.
कुणी कुणाला हात लावलेला नाही.

एकतीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं.
फळ्यावर हिंसेची व्याख्या:
कर्ता, हेतू, इजा. खाली खडूच्या तीन रेघा.
एकदा मागच्या बाकावरून कुणी विचारलं,
सर, कर्ता सापडलाच नाही तर?
म्हणजे आमच्याकडं नळ एक दिवसाआड येतो, तोही गढूळ,
धाकटी काविळीनं गेली,
तर हे इजेत धरायचं का नुसतं नशिबात?
मी म्हणालो, परीक्षेला नाही ते.
वर्ग हसला. तोही हसला, जरा उशिरा.
त्याचं नाव आठवत नाही,
तो उशीर आठवतो.

पाणी ओसरल्यावर मदतीचे ट्रक आले.
शाळेच्या मैदानात कपड्यांचा ढीग:
लग्नातला कोट, एकाच पायाचा बूट,
एक स्वेटर, खिशात नाटकाचं फाडलेलं तिकीट.
एक बाई चादर हातात धरून फोटोसाठी उभी होती.
देणाऱ्याचा फोन भरला होता.
तो जुने फोटो पुसत बसला, एकेक, निवडून,
आणि तोवर ती चादर
अजून तिची झाली नव्हती.

मी पाकीट घेऊन चप्पल लाइनच्या मागच्या बोळात गेलो.
रंगराव सातपुते. तीस वर्षं याच्याचकडून घेतो,
दर वेळी पन्नास तरी कमी करून.
वाटेत हिशेब केला, सवयीनं:
दोन वर्षांला एक जोड, पंधरा जोड, साडेसातशे.
बायकोचे धरून दीड हजार.
पाकिटात पाच. म्हणजे साडेतीन हजार निव्वळ दान.
व्याज धरलं नव्हतं.

दुकानात हिरड्याचा आणि गाळाचा वास.
भिंतीवर पुराची रेघ, तसबिरीतल्या देवाच्या बरोबर गळ्याशी.
दोरीवर फुगलेलं कातडं, कुठं कुठं पांढरी बुरशी.
रंगरावनं पाकीट घेतलं. लाजला नाही, हात जोडले नाहीत.
अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या.
मला काहीतरी हवं होतं, हे तेव्हा कळलं.
कृतज्ञता नव्हे हो. पण निदान
आवाज थोडा जड होणं वगैरे.
"पाच हाईत," तो म्हणाला. "बरं झालं.
गड्याची मजुरी तटलीती."
आणि मग, "चप्पल काढा, सर."

जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं.
मी अनवाणी उभा. तो वाकला.
माझं पाऊल त्याच्या पंजात, रापीनं चिरलेल्या बोटांत.
हे वाकणं इतक्या वर्षांत
मी किमतीत धरलंच नव्हतं.
पेन्सिल टाचेकडून निघाली, तळव्याच्या कडेनं,
मला गुदगुल्या झाल्या.
"हलू नगासा. माप चुकतंय."
खाली पूरग्रस्त निधीच्या देणगीदारांची यादी होती,
बारीक टाइपात, आकड्यांसकट.
माझी करंगळी कुठल्याशा पेढीवर,
टाच एका ट्रस्टवर.

"किती व्हायचे?" मी विचारलं.
त्यानं सांगितलं. नेहमीपेक्षा तीनशे जास्त.
जिभेवर यायचं ते आलंच:
"पन्नास—"
पुढचं गिळलं. त्याला ऐकू गेलं असावं.
तो मान वर न करता रेघ पुरी करत होता,
अंगठ्यापाशी,
जिथं वळण अवघड असतं.